ऊ, फणी आणि गृहस्थाचा विवेक

उन्हाळी सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडल्या की साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या बाजारपेठेलगतच्या वसाहतींत पहिल्या पंधरवड्यातच एक जुनी तक्रार पुन्हा ऐकू येते. सुट्टीत आजोळी जमलेली मामे-मावस भावंडे गच्चीवर एकाच सतरंजीवर डोक्याला डोके लावून झोपलेली असतात. पुढे वर्गात एका बाकावर तिघी-तिघी बसतात, रविवारी पाठशाळेत एका पुस्तकावर चार डोकी वाकतात. मग एखादी मुलगी अभ्यास करता करता कानामागे खाजवू लागते. आजी तिला उजेडात बसवते, केस बाजूला सारते आणि म्हणते, "अगं, हिच्या डोक्यात उवा झाल्यात."

इथून पुढे जैन घरातील गोष्ट इतर घरांपेक्षा थोडी वेगळी घडते. आई म्हणते, दुकानातून औषधाची बाटली आणून आजच्या आज डोके धुऊन टाकू. आजी हात आडवा करते. तो जीव आहे, तीन इंद्रियांचा जीव आहे, आपल्या हाताने मारायचा नाही. आईला शाळेची, लोकांच्या बोलण्याची आणि पोरीच्या तुटणाऱ्या झोपेची चिंता असते. आजीला व्रताची चिंता असते. दोघींचेही म्हणणे खोटे नसते, म्हणून कोणीच माघार घेत नाही, आणि बहुतेक घरांत या ओढाताणीचा शेवट एकच होतो. पंधरा दिवस काहीच केले जात नाही. मुलगी खाजवत राहते आणि डोक्यातील उवा वाढत राहतात. हे पंधरा दिवस आईच्याही मताविरुद्ध जातात आणि आजीच्या व्रताच्याही विरुद्ध जातात, हे दोघींपैकी कोणाच्या ध्यानात येत नाही.

जीव कोणता, त्याची रीत कोणती

जैन शास्त्रांत जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून केलेली आहे. मुंगी, ढेकूण, ऊ हे त्रीन्द्रिय जीव होत. त्यांना स्पर्श, रस आणि गंध यांचे ज्ञान असते. पाठशाळेतील लहान मूलही हे सांगते. म्हणून आजीचे शब्द अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकण्याजोगे नाहीत. मात्र ज्या जीवाविषयी दया धरायची, त्याची राहणीही माहीत असली पाहिजे.

डोक्यातील पूर्ण वाढलेली ऊ दोन ते तीन मिलिमीटर लांब, म्हणजे साधारण तिळाएवढी असते. तिला पंख नसतात, तिला उडी मारता येत नाही, ती फक्त चालते. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ती जाते ती मुख्यतः केसांना केस लागल्यामुळे. ती माणसाच्या रक्तावरच जगते, दिवसातून अनेकदा रक्त शोषते आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्या-मांजरांवर ती राहत नाही. मादी सुमारे महिनाभर जगते आणि दिवसाला सहा ते आठ अंडी घालते. ही अंडी म्हणजे लिखा. त्या केसाच्या मुळापाशी, टाळूच्या उबेत घट्ट चिकटवलेल्या असतात. सात ते दहा दिवसांत त्यांतून पिल्लू बाहेर पडते आणि आणखी आठ-दहा दिवसांत तेही अंडी घालण्याजोगे होते.

कोंडा आणि लीख यांची गल्लत नेहमी होते. बोटाने सारला की सरकतो तो कोंडा. केसाला धरून राहते ती लीख. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूपासून बोटभर दूर दिसणारी पांढरी लीख बहुधा रिकामे कवच असते. तेवढ्यावरून घरात घबराट करण्याचे कारण नाही. जिवंत ऊ दिसली तरच उपाय सुरू करावा.

पाटणच्या यूकाविहाराची कथा

ऊ हा विषय जैन परंपरेने क्षुल्लक मानलेला नाही, याची एक प्रसिद्ध कथा आहे. गुजरातचा चौलुक्य राजा कुमारपाल बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने जैन आचाराकडे वळला आणि त्याने राज्यात अमारीची, म्हणजे जीवहत्याबंदीची आज्ञा केली. मेरुतुंगाचार्यांनी विक्रम संवत् १३६१ मध्ये पूर्ण केलेल्या 'प्रबंधचिंतामणी' या ग्रंथात त्या काळातील एका धनाढ्य व्यापाऱ्याची हकिकत येते. केस विंचरताना पत्नीने त्याच्या हातावर ऊ ठेवली आणि त्याने ती चिरडली. ही गोष्ट आज्ञेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत गेली. त्याला राजधानी अणहिलपाटण येथे राजापुढे उभे केले गेले आणि त्याच्या सर्व संपत्तीतून तेथे एक मंदिर उभारले गेले. त्या मंदिराचे नावच यूकाविहार. यूका म्हणजे ऊ.

आजच्या वाचकाला ही शिक्षा फार कठोर वाटेल. पण कथेतील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. केस विंचरले गेले यात दोष मानलेला नाही, ऊ काढली गेली यातही नाही. हातावर आलेला, अगतिक झालेला जीव जाणूनबुजून चिरडला गेला, हा दोष. गृहस्थाच्या आचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घरसंसार, व्यापार आणि रक्षण यांत घडणारी हिंसा शक्य तितकी कमी करावी. मारण्याच्या हेतूने केलेल्या संकल्पी हिंसेचा मात्र त्यागच करावा, अशी ही मांडणी आहे. दोन नखांच्या मध्ये ऊ धरून टचकन मारणे आणि त्या आवाजाचे मुलांना कौतुक वाटू देणे हे सरळ संकल्पात जाते. मुलांच्या हातांना त्याची सवय लागू नये, हा आजीचा आग्रह सर्वस्वी योग्य आहे.

मुनींच्या केशलोंचाकडेही या दृष्टीने पाहता येते. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोंच आहे, आणि श्वेतांबर साधू-साध्वीही लोच करतात. केस वाढू दिले तर त्यांत जीव उत्पन्न होतात आणि मग खाजवताना, विंचरताना त्यांचा घात होतो, हे त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कारणांपैकी एक आहे. झालेल्या उवांचे काय करायचे हा प्रश्न मुनींपुढे येतच नाही, कारण ते उवा होऊ देत नाहीत. गृहस्थाच्या मुलीला केशलोंच सांगितलेला नाही. तिच्यासाठी फणी आहे.

चक्रवाढीचा हिशेब

पेढीवर बसणाऱ्या कुटुंबाला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. एक मादी ऊ डोक्यावर आली. तिसऱ्या दिवशी फणीत सापडली, तर प्रश्न एका जीवाचा आणि पंधरा-वीस लिखांचा. तीच महिनाभर राहिली, तर तिच्या एकटीच्या लिखा शंभरावर जातात आणि पहिल्या लिखांतून निघालेल्या माद्याही अंडी घालू लागलेल्या असतात. त्या वेळी कोणताही उपाय केला तरी घात शेकडो जीवांचा होणार. शिवाय उवा प्रथमच झाल्या असतील तर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. खाजेची वाट पाहणारे घर नेहमीच उशिरा जागे होते.

जैन तत्त्वज्ञानाने हिंसेचे मूळ प्रमादात पाहिले आहे. बेसावधपणा, आळस, पाहू नंतर म्हणणे, हा तो प्रमाद. औषध आणायचे नाही आणि फणीही हाती घ्यायची नाही, यात आपण कोणाला मारले नाही असे समाधान मिळते. पण महिन्याअखेर शेवटी बाटली आणावीच लागते आणि तेव्हाचा घात पहिल्या आठवड्यातील घाताच्या कितीतरी पट असतो. मुलीच्या टाळूवर खाजवून जखमा झाल्या, त्या चिघळल्या, मानेमागे गाठी आल्या, तर तीही एका पंचेंद्रिय जीवाची पीडाच होय. म्हणून ज्या घराला अहिंसा पाळायची आहे, त्या घराने डोके सर्वांच्या आधी तपासले पाहिजे.

फणी कशी फिरवावी

फणी हे माणसाच्या फार जुन्या साधनांपैकी एक आहे. इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात सापडलेल्या, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर एक छोटे वाक्य कोरलेले आहे, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. केसांतील आणि दाढीतील उवा या फणीने निघून जावोत, अशी त्यात इच्छा व्यक्त केली आहे. आजचे वैद्यकही ओल्या केसांतून बारीक फणी फिरवण्याला उवा शोधण्याचा विश्वासार्ह मार्ग मानते, आणि चिकाटीने केल्यास तो उपायही ठरतो.

फणी बारीक आणि ताठ दातांची असावी. दातांमधील अंतर ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवे, नाहीतर पिल्ले निसटतात. आधी नेहमीप्रमाणे डोके धुवावे. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल लावावे. तेलाने ऊ मरते असे खात्रीने सांगता येत नाही, पण तिची चाल मंदावते आणि फणी अडत नाही. प्रथम मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. मग केसांचे लहान लहान भाग करून फणीचे दात टाळूला टेकवावेत आणि मुळापासून टोकापर्यंत एकाच ओढीत फणी आणावी. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. कानामागचा भाग आणि मानेचा वरचा भाग विशेष लक्ष देऊन पाहावा. संपूर्ण डोके दोनदा विंचरावे. लांब केसांना अर्धा तास लागतो.

हे एकदा करून भागत नाही, आणि बहुतेक घरे इथेच चुकतात. पहिल्या दिवसानंतर पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पुन्हा असेच विंचरावे आणि सतराव्या दिवशी तपासून पाहावे. यामागचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दिवशी मोठ्या उवा निघाल्या तरी लिखा उरतात. त्यांतून निघालेली पिल्ले मोठी होऊन अंडी घालण्यापूर्वीच पुढच्या फेऱ्यांत फणीत येतात आणि साखळी तुटते. त्याच दिवशी घरातील सर्वांची, आजीचीही, डोकी तपासावीत; एकीचे डोके स्वच्छ करून शेजारी झोपणारी बहीण तशीच राहिली तर सगळे श्रम वाया जातात.

हे काम दिवसाच्या उजेडात करावे. दृष्टीला नीट दिसते आणि जयणाही पाळली जाते. फडक्यावर आलेल्या उवा चिरडू नयेत, जाळू नयेत, उकळत्या पाण्यात टाकू नयेत. फडके सावलीत, कोणाच्या पायाखाली येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावे, ही अनेक घरांतील जुनी रीत आहे. तिथे त्या फार काळ जगत नाहीत, हे मात्र मनाशी स्पष्ट असावे. या रीतीने ऊ वाचत नाही; हात आणि मन क्रूर होण्यापासून वाचतात. उवांची संख्या कमी ठेवण्याचे काम फणीचे, तेही वेळेवर फिरवलेल्या फणीचे.

औषध आणि अनर्थ

दोन-तीन आठवडे नियमाने विंचरूनही उवा हटल्या नाहीत, किंवा टाळूवर जखमा झाल्या, तर डॉक्टरांकडे जावे. मुलांसाठी एक टक्का परमेथ्रीनचे औषध सर्रास सुचवले जाते. लिखा त्याने सगळ्या मरत नसल्याने ते नऊ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे लागते. डायमेथिकोन हे सिलिकॉनचे तेल विषारी नसते, पण उवेभोवती थर बसून तीही मरतेच. बाटलीवर आयुर्वेदिक, नैसर्गिक, हर्बल असे लिहिले म्हणून उपाय अहिंसक ठरत नाही. औषध घ्यायचे तर डोळे उघडे ठेवून, गरजेपुरते, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि प्रायश्चित्ताविषयी आपल्या गुरूंना विचारावे. स्वतःची फसवणूक करू नये.

काही उपाय मात्र मुलांच्या जिवावर किंवा अवयवावर बेततात. रॉकेलने कातडी भाजते आणि जवळ ज्योत असेल तर केस पेट घेतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. हा घरगुती उपाय आपल्या भागात अजून केला जातो, तो बंद व्हायला हवा. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांमुळे अनेक घरांत फवारणीची औषधे ठेवलेली असतात. ती किंवा गुराढोरांची गोचीड-नाशके मुलांच्या डोक्याला कधीही लावू नयेत. ती टाळूतून अंगात भिनतात आणि जीव घेऊ शकतात.

घरभर कीटकनाशक फवारण्याची तर काहीच आवश्यकता नाही. डोक्यापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, स्कार्फ धुऊन कडक उन्हात वाळवावेत. फणी-कंगवे वेगळे ठेवावेत. फवाऱ्याने कोपऱ्याकोपऱ्यांतील असंख्य निरपराध जीव मरतात आणि ऊ मात्र डोक्यातच राहते. निष्प्रयोजन हिंसेला श्रावकाचाराने अनर्थदंड म्हटले आहे. त्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मुलीची मान खाली जाऊ नये

उवा अस्वच्छतेमुळे होतात हा समज चुकीचा आहे. धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सुखाने राहतात. अंगावरच्या उवांमुळे काही रोग पसरतात. डोक्यातल्या उवांमुळे पसरत नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर उवांमुळे मुलाला शाळेतून घरी पाठवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो, "कोणाकडून आणल्यास?" आणि संशय बहुधा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीवर, नाहीतर वर्गातल्या गरीब मैत्रिणीवर जातो. ऊ घराण्याची पत पाहून डोके निवडत नाही. पेढीवाल्याच्या घरून कामवालीच्या घरी ती तितक्याच सहज गेलेली असते.

साताऱ्याने या बाबतीत एक मोठा धडा पाहिला आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मुले एकत्र राहिली की खोकला, ताप, उवा हेही एकत्र वाटले जाणारच. ते टाळण्यासाठी मुलांना एकमेकांपासून तोडायचे नसते, सर्वांची सारखी काळजी घ्यायची असते. एखाद्या मैत्रिणीचे नाव घेऊन "तिच्याजवळ बसू नकोस" असे सांगणाऱ्या घरात मूल उवांपेक्षा वाईट गोष्ट शिकते.

शिक्षा म्हणून मुलीचे केस भादरणे हाही असाच अविचार आहे. केस काढल्याने उवा जातात हे खरे. पण तिच्या मनाविरुद्ध केलेले मुंडण वर्गभर डांगोरा पिटते आणि तो अपमान ती विसरत नाही. शाळेला जाताना केसांची घट्ट वेणी घातली तरी पुष्कळ काम भागते.

आणखी एक कर्तव्य उरते, आणि तेच सर्वांत अवघड. उवा झाल्याचे कळताच मुलीच्या मैत्रिणींच्या आयांना, पाठशाळेच्या ताईंना आणि सुट्टीत एकत्र राहिलेल्या नातेवाइकांना त्याच दिवशी सांगावे. लाजेपोटी लपवले तर आपण स्वच्छ केलेले डोके पंधरा दिवसांत त्याच मैत्रिणीकडून पुन्हा भरते. फोनवर दोन वाक्ये पुरेशी असतात: "आमच्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या, तुमच्याकडेही एकदा फणी फिरवून पाहा." ऐकणारी जाऊ किंवा नणंद बहुधा सुटकेचा निःश्वास टाकते, कारण तिच्याकडेही आठवडाभर खाजवणे चालूच असते आणि तीही लाजेपोटी गप्प असते.

जुलैमध्ये चातुर्मास सुरू होतो. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात मंदिरात, स्थानकात, पाठशाळेत मुलांची दाटी होते. त्यापूर्वीच घराने आठवड्यातील एक दिवस ठरवून घ्यावा. रविवारी सकाळी न्हाणे झाले की प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या डोक्यावरून एकदा बारीक फणी फिरावी. आजीने फणी धरावी, कारण तिचा हात हलका असतो. आईने पुढच्या फेऱ्यांच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. सापडलीच तर एखादी ऊ सापडेल. तेवढ्यासाठी बाटली आणावी लागणार नाही, आजीचे व्रत मोडणार नाही आणि मुलगी सोमवारी वेळेवर शाळेत जाईल.